खोडलेले दोन शब्द

काल आईच्या पेटीत माझं पहिलं पोस्टकार्ड सापडलं, अन् सासरच्या शहरातल्या सदर भागातले, दातांचे चिनी डॉक्टर आठवले. तेव्हा माझं नवं लग्न झालेलं. अक्षर वाकडं, म्हणून माहेरी काटोलला आईला पत्रच लिहीत नव्हते. दाढ दाखवायला गेले, तर डॉक्टरांच्या भिंतीवर त्यांच्या पणजोबांचं चिनी पत्र होतं. मोठे पंडित, कुंचल्यानं लिहायचे. तरी मधला एक शब्द चक्क खोडलेला!

“याच्यात काय लिवलं जी?”

“भावाले लिवलं, दात दुखून राहिला, तरी लोणचं पाठव,” डॉक्टर हसले.

“अन् खोडलं काहून?”

“घरच्याइले लिवतानी कोन लाजते बाई?”

त्याच दिवशी मी आईला कार्ड लिहिलं. फक्त ‘करमत नाही’ तेवढं खोडलं.

काल पाहिलं, त्या खोडाखोडीखाली आईनं पेन्सिलीनं तेच दोन शब्द लिहून ठेवलेत.