सोनीची जात मी लिहिली

मी सख्ख्या भावाबहिणीला दोन वेगळ्या जाती लावल्या. भाऊ कातकरी, बहीण आगरी. हे आजवर बायकोजवळही बोललो नाही — आणि माझी एरवीची प्रत्येक फजिती मी तिला जेवताना तिखटमीठ लावून सांगतो.

तेव्हा मी पनवेलजवळ, आपटा गावाच्या अलीकडे एका शाळेत मास्तर होतो. दाखल्यांचं रजिस्टर माझ्याकडे, कारण काय, तर अक्षर सुंदर! वीटभट्टीवर राबणाऱ्या बारकूने एका वर्षी मुलाला आणलं, पुढच्या वर्षी सोनीला. मुलगा काळासावळा; लिहिलं कातकरी. सोनी उजळ, नाक सरळ. तिचं नाव विचारलं, बापाचं विचारलं. जात विचारली नाही — ती मला दिसतच होती ना!

मागच्या महिन्यात पनवेलच्या ज्येष्ठ नागरिकांपुढे रवांडातल्या नरसंहारावर बोललो. हुतू आणि तुत्सी यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, अशी झोकात सुरुवात करणार होतो. वाचायला बसलो तर निराळंच. भाषा एक, देव एक, टेकड्या त्याच. ढोबळमानाने गुरंवाला तो तुत्सी, शेतीवाला तो हुतू. गुरं वाढली की हुतूचा तुत्सीही होई. मग बेल्जियमचे साहेब आले. त्यांनी नाकं मोजली, उंची मोजली, जमात लिहिलेलं ओळखपत्र हातात दिलं. शिक्षण आणि हुद्दे बहुतेक तुत्सींना. पुढे सत्ता हुतूंकडे गेली, राग साठलेला होताच, आणि ओळखपत्रं तशीच. कत्तलीच्या दिवसांत हुतूंच्या टोळ्या रस्ते अडवून आधी तीच मागत होत्या; तुत्सी लिहिलेलं दिसलं की माणूस संपला.

साहेबांच्या मूर्खपणावर मी दोन विनोद केले. टाळ्या पडल्या. रिक्षात बसलो आणि — कुठल्या साहेबांवर हसत होतो मी?

माझ्या अक्षराने कुणाचा जीव गेला नाही. पण तेवढ्यावर मी सुटतो का? आणि तुम्ही म्हणाल, नजरचूक झाली, कुणाचीही होते. नाही हो, खरी गोष्ट अजून सांगितलेलीच नाही. किती वळसे घेतोय बघा.

चौथीनंतर भावाला आदिवासी मुलांच्या सरकारी आश्रमशाळेत जागा मिळाली. पुढच्या वर्षी सोनीला नाही, कागदावर ती आदिवासी नव्हती. बारकू दाखला घेऊन माझ्याकडे आला. चूक मला त्याच क्षणी दिसली. पण शेजारी हेडमास्तर बसलेले. मी म्हणालो, "तूच तसं सांगितलंस, बारकू."

त्याला वाचता येत नव्हतं. तो रजिस्टरकडे बघत राहिला. "सांगितला असंल, गुरुजी," म्हणाला, आणि पोरीला घेऊन भट्टीवर गेला.

परवा सोनीच्या वाडीवर गेलो. बारकू वारला, त्याला चार वर्षं झाली. ती अंगणात सुकी मासळी निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"बा मरंपर्यंत सोतालाच शिव्या घालीत व्हता," ती म्हणाली. "तो गेल्यावर बरा सुचला तुमाला!"