पंचवीसच्या आत: बारामती ते नरसिंहपूर

बारामतीहून सकाळच्या एसटीने निघालं, तर दुपारच्या जेवणाला नरसिंहपूरला पोचता येतं. मी सकाळी सहाला निघाले आणि पोचले तेव्हा दिवस मावळत आला होता. कारण मी आईची नवी इलेक्ट्रिक दुचाकी चालवत नेत होते, आणि ती ताशी पंचवीसच्या पुढे जात नाही.

गाडी टेम्पोत टाकून पाठव, असं मामा म्हणत होता. पण आईच्या हातात देण्याआधी ती मला स्वतःला ओळखीची करून घ्यायची होती. आई नरसिंहपूरजवळच्या वस्तीवर राहते आणि तिथल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. त्याच नोकरीवर तिने मला बी.ए. केलं; आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आता वस्तीवरची अंगणवाडी गावातल्या अंगणवाडीत विलीन केली होती आणि सोमवारपासून तिला रोज पाच किलोमीटर जायचं होतं. वेळेवर पोचणं जमलं नाही तर नोकरी सोडावी लागणार. लायसनसाठी ती दोनदा परीक्षेला बसली, पण कॉम्प्युटरवरचा प्रश्न वाचून होईपर्यंत वेळ संपायचा.

मग मी नियम शोधून वाचले. मोटर अडीचशे वॅटच्या आतली, वेग पंचवीसच्या आत आणि त्या मॉडेलला सरकारमान्य चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र, असं असेल तर त्या गाडीला लायसन, नंबर, विमा काहीच लागत नाही. त्याहून जोरात पळणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीला मात्र सगळं लागतं, हिरव्या पाटीसकट. मी पंचवीसच्या आतली गाडी घेतली आणि प्रमाणपत्राची प्रत पिशवीत ठेवली.

मामाने आदल्या संध्याकाळी गाडीची पूजा केली. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पिशवीतून मुद्दाम करून आणलेली एक हिरवी नंबर प्लेट काढली. तिच्यावर माझ्या वडिलांच्या जुन्या मोपेडचा नंबर होता. वडील जाऊन सहा वर्षं झाली.

"मामा, हिला नंबर लागत नाही."

"लागत न्हाय म्हंजी? बिननंबराची गाडी म्हंजी बिननावाचं पोर. लोकं म्हनतील चोरून आणली. दाजींचा नंबर हाय, राहू दे."

तो स्क्रू पिळत होता आणि त्याचे डोळे भरले होते. मला नाही म्हणवलं नाही.

बारामती मागे पडली आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. एसटीच्या खिडकीतून हा रस्ता मी शेकडो वेळा पाहिलाय, पण ऊसतोड कामगारांच्या बायका वाढ्याचे (उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पानांचे) भारे कसे बांधतात, ते कधी दिसलं नव्हतं. आता एकेक गाठ दिसत होती. उसाने भरलेला ट्रॅक्टर मागून आला. ड्रायव्हरने वाकून विचारलं, "ताई, ढकलू का जरा?" त्याच्या दोन ट्रॉल्या पुढे जाईपर्यंत मी कडेला थांबले.

भवानीनगरला पोचण्याआधीच मळीचा गोडसर, आंबूस वास आला. कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. एका हॉटेलात बॅटरी काढून चार्जिंगला लावली आणि मिसळ मागवली. शेजारचा गॅरेजवाला हात पुसत आला. गाडीभोवती फिरला.

"कुठवर?"

"नरसिंहपूर."

"उद्या पोचताय मग. एक वायर काढतो, चाळीसनं पळंल. हितं समदे काढत्यात. वैरण लादली की पंचवीसनं चढतीया का कुठं?"

खरं सांगते, मोह झाला. ऊन वाढत होतं आणि अजून अर्ध्याहून जास्त रस्ता बाकी होता.

"वायर काढली की ती कायद्यानं मोटरसायकल होते," मी म्हणाले. "मग लायसन लागतं, नंबर लागतो. आईकडे लायसन नाही."

"कोन बघतंय खेड्यात?"

"आईच बघेल. ती लई भित्री आहे."

तो हसला. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि सांगितलं नसताना चाकात हवा भरून दिली.

इंदापूरच्या अलीकडे नाकाबंदी होती. पंचवीसच्या वेगात पोलीस फार आधीपासून दिसतो आणि त्यालाही आपण दिसतो. पांढऱ्या मिशांच्या हवालदारांनी हात केला. मी निर्धास्त होते. प्रमाणपत्र काढून पुढे धरलं. त्यांनी ते घेतलंच नाही. ते हातातल्या यंत्रात नंबर टाकत होते.

"ही पेट्रोलची मोपेड दाखवतंय. मालक पुरुष. आन् ही तर बॅटरीची. नंबर कुणाचा हा?"

मग माझ्या लक्षात आलं. सगळ्यांना नियम समजावत फिरणारी मी, खोटा नंबर लावून चाळीस-पन्नास किलोमीटर आले होते.

"माझ्या वडिलांचा. ते वारलेत. मामानं मायेनं लावला."

"मायेनं लावला तरी गुन्हाच हाय, पोरी. गाडी जप्त व्हती यात."

उद्या सोमवार होता. अंगणवाडी, पाच किलोमीटर, परीक्षा, जसं सुचेल तसं मी सांगत गेले. त्यांनी आता प्रमाणपत्र नीट वाचलं. मोटरवरचा अडीचशेचा आकडा वाकून पाहिला.

"वायर काढलीया का?"

"नाही."

"समदे न्हायच म्हनत्यात." त्यांनी तरुण शिपायाला बुलेटवर बसवलं. "हिच्या बरोबरीनं जा. काटा बघ."

मी हँडलचा पीळ पूर्ण दिला. शिपाई शेजारून चालला, पुढच्या वळणापर्यंत आणि परत. बुलेट दोनदा बंद पडता पडता राहिली.

"चोवीस, तात्या. त्याच्या वर न्हाय."

"एवढ्या हळू जाणारीला पकडलं म्हनून माझीच चौकशी लागायची," हवालदार म्हणाले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर मागवला, प्लेट काढली, रुमालाने पुसून माझ्या हातात दिली. "घरात ठेवा. गाडीवर परत दिसली तर सोडणार न्हाय. आन् आईला हेल्मेट घाला. कायदा विचारत न्हाय म्हनून डोकं कच्चं ऱ्हातंय का?"

शेजारच्या वडापावच्या गाड्यावर बॅटरी लावायलाही त्यांनीच सांगितलं.

बावडा ओलांडला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते तिथलं पाणी तांबूस दिसत होतं. आई वस्तीच्या वाटेवर उभी होती. दुपारपासून, असं शेजारणीने सांगितलं. मी प्लेटची सगळी हकिकत सांगितली. तिने ती पदरात धरली, नंबरावरून बोट फिरवलं.

"मग पोलिसानं मला चालवू नको म्हनलं का?"

"नाही. चालव म्हणाले. लायसन लागत नाही तुला."

"त्यांनी सोताच्या तोंडानं सांगितलं?"

"हो."

"मग शिकव आत्ताच. उजेड हाय तवर."

मैदानात तिने सात फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत बाभळीच्या कुंपणात गेली आणि कोपर खरचटलं. सातव्या फेरीत तिने मला बाजूला व्हायला सांगितलं.

सोमवारी ती निघाल्यावर थोड्या वेळाने मी बारामतीची एसटी पकडली. नियम माणसाला अडवायला असतात, असंच आमच्याकडे समजतात. मीही तसंच समजून मोठी झाले. त्या एका नियमात माझ्या आईसारख्या बाईला पुरेल एवढी जागा कुणीतरी ठेवली आहे, हे मला त्या रस्त्याने जाऊन कळलं.

गावाच्या अलीकडे एसटीने तिला गाठलं. ती रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने चालली होती, डोक्यावर माझं हेल्मेट, पाठ ताठ. मी खिडकीतून हात बाहेर काढला. तिने पाहिलं नाही. तिची नजर समोरच्या रस्त्यावर होती, आणि मी हाक न मारता हात आत घेतला.