नकाशावरचं आडनाव

फोन जवळ धर गो पोरी. दोन मिनिटांत ठेवून देतेस, हे बरं न्हाय. आज अंगणातल्या ओल्या सुपारीचा वास आला नि तुझी नानी, माझी आई, आठवली. तुझी धाकटी खाला, माझी बहीण, दुबईत एका इंग्रजाशी लग्न करून विलायतेला गेली, मग तिची पत्रं थांबली. अंथरुणाला खिळलेल्या नानीला तिला एकदा बघायचं होतं, आणि आमच्यापाशी होतं फक्त जावयाचं आडनाव. श्रीवर्धनच्या कॉम्प्युटरवाल्यानं त्या आडनावाची घरं विलायतेत कुठं आहेत त्याचा नकाशा काढला. मला म्हणाला, "खाला, आडनाव फारच कमी लोकांचं आहे, बहुतेक घरं एकाच कोपऱ्यात." मी हरखले. आपल्याकडे आडनावावरून गाव कळतं, गावात कुणीही घर दाखवतं. तिथंही तसंच असणार. त्यानं शोधून दिलेल्या प्रत्येक पत्त्यावर पत्र धाडलं. नानी रोज विचारायची, "पोस्टमन येऊन गेला?" एकच उत्तर आलं. कॉम्प्युटरवाल्यानं वाचलं, "आडनाव एक असलं तरी आम्ही एकमेकांना ओळखत नाही. माफ करा." घरी येऊन मी नानीला सांगितलं, धाकटी निघालीय. नानी तीन दिवस दाराकडे तोंड करून राहिली, तशीच गेली. आता मी तिच्याच वयाची झाले. तू दर फोनला 'निघते' म्हणतेस. या आठवड्यात खरंच ये गो बाय.