मेरूचे पेर

उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे मधले पेर सुजले. डॉक्टर म्हणाले, "हा गाऊट. उतारवयात तो पायाचा अंगठा सोडून हाताच्या बोटांतही शिरतो. सुकट, बोंबील बंद."

रेवसहून आणलेला सुकटीचा भरलेला डबा मला आठवला. मी नम्रपणे म्हणालो, "मी नित्य बोटांच्या पेरांवर जप मोजतो. त्यानेच सूज आली असावी."

डॉक्टर आदराने विचारात पडले. शेजारी बसलेली पत्नी मात्र हसली. "अहो, हे पेर म्हणजे मेरू. जपात त्याला अंगठा लावायचा नसतो, हे तुम्हीच ना मला शिकवलेत?"

डबा त्याच दिवशी शेजारी गेला. आता जप करताना मेरू टाळतो, तेव्हा नेमकी सुकट आठवते. भगवंत क्षमाशील आहे. पत्नीविषयी खात्री नाही.