विमानवाला, राक्षस आणि पाटीवाली

ऐंशीच्या दशकातली ती मे महिन्याची सुट्टी. आम्ही रसायनीला कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. दादा तेव्हा आठवीत, मी सहावीत. दादाला कावीळ झाली होती आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला बंदी केली होती. उसाचा रस आणि बिनफोडणीचं जेवण, दुसरं काही नाही. तो अगदी वैतागला होता.

त्याच सुमारास मामांनी त्यांच्या मुलीला कशेळ्याहून आमच्याकडे आणून सोडलं. मामी त्याआधीच्या थंडीत वारली होती. मामेबहीण माझ्याच वयाची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. वाढलं की जेवायची, एरवी मागच्या गॅलरीत बसून राहायची.

समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांनी आखातातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. आजारी पडण्याआधी दादाचा मुक्काम तिथेच असायचा. त्यात रणगाड्यांची लढाई होती, मोटारींची शर्यत होती आणि खड्ड्यांवरून उड्या मारत जाणारा एक माणूस होता. आता पडल्यापडल्या दादाच्या डोक्यात आलं, की वेगवेगळ्या गोष्टींतली माणसं एकाच गेममध्ये आणली तर? टीव्ही नाही तर नाही, पुठ्ठ्यावर करू.

"ज्यानं त्यानं आपापला गडी आणायचा," त्यानं जाहीर केलं.

साबणाच्या खोक्याचे पुठ्ठे कापले. दादाचा विमानवाला, माझा पैलवान. शेजारच्या मुलानं त्याच्या गावच्या जत्रेत सोंगं नाचतात त्यातला लाल जिभेचा राक्षस केला. मामेबहिणीनंही गुपचूप एक तुकडा रंगवून पुढे ठेवला. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई.

"ही कुठल्या गोष्टीतली गं?" शेजारच्यानं विचारलं.

"आमच्या," ती म्हणाली.

पहिल्यांदा आम्ही पुठ्ठ्यांची मारामारी लावली. कवड्या टाकायच्या, ज्याचं दान मोठं त्यानं वार करायचा. विमानवाल्याकडे बॉम्ब, राक्षसाकडे दात, पैलवानाकडे डाव.

"हिच्याकडं काय हाय?" शेजारच्यानं पाटीवालीकडे बोट दाखवलं.

"भाजी हाय."

शेजारचा खो खो हसला. त्याच्या राक्षसानं पहिल्याच दानात वार केला. "मेली!" म्हणून त्यानं पाटीवालीला उताणं पाडलं. मामेबहिणीनं आपला पुठ्ठा उचलला आणि ती गॅलरीत निघून गेली.

"शर्यत करू," थोड्या वेळानं दादा म्हणाला. पण तिला बोलावून आणायचा धीर कोणालाच झाला नाही. आम्ही तिघांनीच शर्यत लावली आणि प्रत्येक वेळी विमानच पुढे. "विमानासंगं कोण पळंल रं?" म्हणत शेजारचा कंटाळून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादानं आईकडून जुनं कॅलेंडर मागून घेतलं. त्याच्या कोऱ्या बाजूला पाताळगंगा काढली, पलीकडे रान, रानापलीकडे डोंगर. या खेळात कोणी कोणाला मारायचं नव्हतं. सगळ्यांनी मिळून पलीकडे जायचं. नदीवरून विमानवाला नेणार, वाटेतली दरड पैलवान हलवणार, चोर आले तर राक्षस त्यांना घाबरवणार. रानातलं काम त्यानं मुद्दाम मोकळं ठेवलं आणि गॅलरीकडे तोंड करून हाक मारली.

"ए, रानातली वाट कोणाला माहीत असते गं?"

ती दारात येऊन उभी राहिली. कागदावरचं रान तिनं बघितलं.

"माझ्या आयला ठावं व्हती, भाजी इकायला जायची ती," ती म्हणाली. "वाड्यांवरच्या समद्या बाया तिला वळखायच्या. पानी द्यायच्या, बसवून घ्यायच्या."

"मग लिही ना तिथं," दादा म्हणाला. " रानात पाटीवाली पुढं. ती नसली तर आम्ही सगळे अडकलो."

ती खाटेशी बसली आणि तिनं पेन्सिल घेतली. मग बोलायलाच लागली. कुठल्या वाडीत पाण्याचा झरा आहे, कुठल्या चढावर दुपारी पाय भाजतात, बाजारातून परतताना तिची आई कुठल्या झाडाखाली पाटी उतरवायची. मी काही विचारायला गेले, तर आईनं स्वयंपाकघरातून मला गप्प राहायची खूण केली.

संध्याकाळी शेजारचा परत आला, त्यालाही हा खेळ आवडला. राक्षस चोरांवर ओरडतो तेव्हा तो स्वतःच एवढा ओरडायचा, की खालून लोक वर बघायचे.

आता माझा भाचा सांगतो, की निरनिराळ्या गेममधले हीरो एकत्र आणायचे तर मारामारीच पाहिजे. कोण भारी ते लगेच कळतं. त्याचं चूक नाही, त्यात मजा येतेच. पण मारामारीत शेवटी प्रत्येकाला मारताच यावं लागतं, मग तो कुठून आला याला काय अर्थ? मिळून वाट काढायच्या खेळात प्रत्येकजण आपली गोष्ट बरोबर घेऊन येतो. मला तोच बरा वाटतो.

दादा उठून हिंडायला लागला आणि मामा मुलीला न्यायला आले. ती त्यांना म्हणाली, "मी हितंच शिकू का?" मामा आईकडे बघायला लागले. "राहू दे रं तिला," आई म्हणाली, "दोघी संगती जातील." जूनमध्ये तिचं नाव माझ्याच वर्गात घातलं. मामा दर रविवारी कशेळ्याहून यायचे, आणि ती आठवडाभराचं सगळं त्यांना सांगत बसायची.