लाल ठिपका घ्या, असं मी म्हणालो

माझं शिक्षण सातवी. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे लिहिण्यातल्या चुका कुणी काढत बसणार नाही. दुसरं जे सांगायचंय, ते तोंडातून निघायला मला चाळीस वर्षं लागली, आणि तोवर एक मुकं जनावर हाल होऊन मेलं.

बायको जाऊन दीड वर्ष होईल आता. मी अमेरिकेत, शुगर लँडला मुलीकडं राहतो. मुलगी दवाखान्यात कामाला, जावई तेलाच्या कंपनीत इंजिनियर. जावयानं तासभर लांब पाच एकर जागा घेऊन ठेवलीय. तिथं घर नाही. पत्र्याची एक शेड, पाण्याचा नळ आणि गवत. त्या गवताच्या कडेला बायकोनं रताळी लावली होती. इथल्या दुकानातलं केशरी रताळं तिला पटायचं नाही. म्हणायची, "हा नुसता भोपळा. उपासाला तोंडात घालवत नाही." कुठल्या तरी काकूंकडून पांढऱ्या रताळ्याचे वेल आणले आणि तीन वाफे केले. अंगात ताकद राहिली नाही तेव्हासुद्धा शनिवारी जावई तिला गाडीत घालून न्यायचा. ती घडीच्या खुर्चीवर बसायची आणि मला कामाला लावायची. "अहो, वेल उचला. जागोजाग मुळं धरली की खाली रताळं पोसत नाही. उचला, उचला, कंबर काय एवढी नाजूक आहे का?"

ती गेली आणि पाठोपाठ रानडुकरं आली. इकडं टेक्सासात ती फार. एका रात्रीत दोन वाफे त्यांनी उलटे केले, नांगर फिरवावा तसे. मी बघून आलो आणि दोन दिवस जेवलो नाही. जावई म्हणाला, "बाबा, एक वाफा राहिलाय. आईंचा तो वाफा मी जाऊ देणार नाही."

त्यानं रायफल घेतली. माणूस नीट आहे, आधी क्लास केला, मग नेमबाजीच्या रेंजवर जाऊन शिकला. फक्त रायफलीवर बसवायचं काय, ते ठरत नव्हतं. दोन प्रकार असतात. एक रेड डॉट. त्यात छोटी काच असते आणि काचेत लाल ठिपका दिसतो. ठिपका जिथं, गोळी तिथं. पण समोरचं जनावर आहे तेवढंच दिसतं, मोठं होत नाही. दुसरा स्कोप, म्हणजे दुर्बीण. ती लांबचं जवळ आणते. जावयानं पंधरा दिवस व्हिडिओ बघितले. शेवटी म्हणाला, "बाबा, मला काही डिसाइड होत नाहीये. तुम्ही चला दुकानात. तुम्ही आर्मीतले, तुम्ही सांगा."

मी चला म्हणालो.

आता ते सांगतो. मी आर्मीत नव्हतो. लग्नाच्या वेळेला मी एका छावणीत ठेकेदाराच्या मेसमध्ये होतो. सहा वर्षं. पोळ्या लाटायच्या, वरणाचं पातेलं घासायचं, कांदे चिरायचे. जवान जेवायला यायचे तेव्हा रायफली कोपऱ्यात उभ्या करायचे. मी रायफल पाहिली ती तेवढीच, आणि तीही तव्यामागून. पुढं छावणी सुटली, बेकरीत लागलो. पण बेकरीत कोणी विचारलं की म्हणायचो, मिलिटरीत होतो. एवढंच. बाकीचं लोक भरायचे. बॉर्डर, बंदूक, थंडी, सगळं लोकांनीच भरलं. मी ते पुसलं नाही. पोरीला लहानपणापासून तेच माहीत. इथं आल्यावर मराठी मंडळात ती गोष्ट माझ्या आधी पोचली होती. पहिल्याच वर्षी पंधरा ऑगस्टला त्यांनी मला झेंड्याजवळ उभं केलं. दोरी माझ्या हातात दिली. सगळी पोरं सलाम करून उभी. मीही सलाम ठोकला. सलाम मला येतो, मेसमधून रोज बघायचो.

बायकोला सगळं माहीत. ती मेसच्या मागच्या खोलीतच नांदायला आली होती. लोकांत तिनं कधी चकार शब्द काढला नाही. घरी दोघंच असलो की मात्र सोडायची नाही. मी स्वयंपाकघरात शिरलो की म्हणायची, "या, फोडणीचे हवालदार." मी चिडायचो. ती पदर तोंडाला लावून हसायची. मला वाटायचं, टोमणा आहे. नुसता टोमणा नव्हता, ते आत्ता कळतंय.

तर दुकानात गेलो. काउंटरवर एक गोरी बाई, माझ्या मुलीच्या वयाची, जाड वेणी, दंडावर गोंदलेलं. जावयानं सगळं सांगितलं. रताळ्याचा वाफा शेडच्या जवळ, पण डुकरं येतात ती पलीकडच्या झाडीतून, मध्ये दीडशे यार्ड मोकळं गवत. बाई म्हणाली, मग स्कोप बरा. जावई म्हणाला, थांबा, हे माझे सासरे, हे आर्मीत होते, यांना विचारतो. त्या बाईनं काम थांबवलं, माझ्याकडं नीट बघितलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "थँक यू फॉर युवर सर्व्हिस, सर."

एवढं इंग्रजी मला कळतं, फौजेतल्या माणसाचे इथं असे आभार मानतात. मी मान हलवली. ती मान हलवलेली अजून आठवते.

तिनं आधी स्कोप माझ्या हातात दिला. मी तो डोळ्याला लावला. चांगला चिकटवून लावला, चष्म्याला काच घासली. आत काळं. पूर्ण काळं, कडेला उजेडाची एक कोर, तीसुद्धा हलणारी. डोकं इकडं केलं, तिकडं केलं. काही नाही. ती बाई बघत होती. जावई बघत होता. म्हटलं, यांना कळलं की म्हाताऱ्यानं आयुष्यात दुर्बीण धरलेली नाही, तर काय करायचं? मग तिनं रेड डॉट दिला. त्यात डोळा कसाही धरा, ठिपका दिसतोच. मला फरफटलेला दिसला, स्वल्पविरामासारखा, पण दिसला.

मी रेड डॉट खाली ठेवला आणि म्हणालो, "लाल ठिपका घ्या. दुर्बीण घेऊन काय करायचंय? नजर पक्की असली की ठिपका पुरतो. आम्ही तर ठिपक्याशिवाय हाणायचो."

आम्ही. असा शब्द वापरला मी.

जावई क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ओके बाबा. तुम्ही म्हणाल तसं."

पुढच्या शनिवारी आम्ही पहाटे निघालो, उजाडायच्या आत तिथं. मी शेडपाशी बायकोच्या घडीच्या खुर्चीवर बसलो. जावई पुढं, रायफल लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून. उन्हाळा, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, डास. तांबडं फुटलं तसं पलीकडच्या झाडीपाशी काहीतरी काळं हललं. एकच डुक्कर, मोठं.

जावई हळू आवाजात म्हणाला, "बाबा, ठिपका त्याच्यावर आहे. पण तोंड कुठल्या बाजूला आहे, तेच कळत नाहीये. अजून जवळ येऊ दे का?"

मलासुद्धा काही कळत नव्हतं. मला तर डुक्कर आहे का झुडूप, इथपासून शंका. पण हवालदार मी. मी म्हणालो, "हाणा."

त्यानं हाणली. ते जनावर असं ओरडलं की मी खुर्चीवरून उठलो. बाईमाणसाच्या किंकाळीसारखा आवाज. मागचे पाय ओढत ते गवतात शिरलं. जावयानं दुसरी गोळी झाडली, ती लागली नाही. मग नुसतं ओरडणं ऐकू यायचं, कधी इकडून कधी तिकडून. आम्ही रक्त शोधत दीड तास फिरलो. जावयाचा चेहरा पांढरा पडला होता. घरी मुंगीसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस तो.

शेवटी शेजारच्या जागेवरचा म्हातारा गोरा त्याची गाडी घेऊन आला. आवाज त्याच्यापर्यंत गेला होता. त्याच्या रायफलीवर लांबडी दुर्बीण. त्यानं कुंपणाशी उभं राहून मिनिटभर बघितलं आणि एक गोळी झाडली. ओरडणं थांबलं.

जवळ गेलो. मादी होती. दुधावर होती. पिल्लं झाडीत कुठंतरी असणार.

म्हाताऱ्यानं जावयाच्या रायफलीकडं बघितलं, लाल ठिपक्याच्या काचेवर बोट ठेवलं आणि विचारलं, एवढ्या लांबच्या रानाला हे बसवायला कुणी सांगितलं? मी तिथंच उभा होतो, दोन हातांवर. जावई म्हणाला, "माय मिस्टेक."

गाडीत बसून निघालो. पेट्रोल पंप गेला, मोठा रस्ता लागला.

मी म्हणालो, "मला त्या दुर्बिणीतून काही दिसलं नव्हतं."

"कधी?"

"दुकानात. नुसतं काळं दिसलं. म्हणून ठिपका घ्या म्हणालो."

मग मी बाकीचं सांगितलं. "मी आर्मीत नव्हतो. मेसमध्ये पोळ्या लाटायचो. ठेकेदाराचा माणूस होतो मी."

तो गाडी चालवत राहिला. म्हणाला, "माहितीये बाबा."

"पोरीनं सांगितलं?"

"तिला नाही माहीत. आईंनी सांगितलं. केमोला नेत होतो तेव्हा एकदा. फार हसल्या. म्हणाल्या, ह्यांना कळू देऊ नका हं, हवालदारी गेली तर घरात नुसता कांदा चिरणारा उरेल."

मला हसू आलं नाही. मी विचारलं, "मग मला नेलंत कशाला? मला विचारलंत कशाला?"

"तुम्ही सोफ्यावरून उठत नव्हता. म्हटलं, दुकानात तरी याल." मग म्हणाला, "आणि मला वाटलं, कळत नसेल तर कळत नाही म्हणाल. त्या काउंटरपाशीही वाटलं, अजून म्हणाल."

त्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला म्हणालो, चला दुकानात. तीच बाई होती. तिनं मला ओळखलं, परत सर म्हणाली. मी म्हणालो, "नो आर्मी. कुक. आय नॉट सी." आणि बोटानं स्कोप दाखवला. तिनं जावयाकडं बघितलं. त्यानं मान हलवली, पण माझ्या वतीनं बोलला नाही. मग तिनं स्कोप माझ्या डोळ्यापुढं धरला आणि माझ्या कपाळाला दोन बोटं लावून माझं डोकं मागं ढकललं. चार बोटं मागं. बस. तेवढ्यात सगळं उजळलं. काचेच्या दारातून रस्त्यापलीकडचा माणूस दिसला, गवत कापत होता, त्यानं कपाळाचा घाम शर्टाच्या बाहीला पुसला तोसुद्धा दिसला. लाज बाजूला ठेवून आधीच विचारलं असतं, तर मधल्या आठवड्यात ती डुकरीण मेली नसती, निदान अशी मेली नसती. जावयानं स्कोप घेतला. पण रायफल त्यानं त्यानंतर शेडमध्ये नेली नाही, कपाटातच आहे. वाफ्याला आम्ही दोघांनी विजेच्या तारेचं कुंपण केलं. ते आधीही करता आलं असतं.

मुलीला मी स्वतः सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मी शाळेत निबंध लिहिला होता तुमच्यावर." एवढंच म्हणाली आणि भांडी लावायला लागली.

गेल्या आठवड्यात मंडळाच्या बाईंचा फोन आला. "काका, यंदाही झेंडा तुमच्याच हस्ते हं."

मी म्हणालो, "मी जवान नव्हतो. छावणीत स्वयंपाकी होतो. झेंड्याला दुसरं माणूस बघा."

मग त्या म्हणाल्या, "बरं काका. मी कळवते कमिटीला." अजून काही कळवलेलं नाही. कार्यक्रमानंतरच्या जेवणाला या असंही म्हणालेल्या नाहीत.

काल वाफ्यावर गेलो होतो. वेल पसरलेत, जागोजाग मुळं धरलीत. बसून एकेक उचलले. खुर्ची शेजारी ठेवली होती. या हवालदार, असं कोणी म्हणालं नाही.