वैदेहीचं रक्त कोणी घेतलं नाही

वैदेही गेली. ज्या कॅन्सरवर ती ऑफिसमध्ये काम करायची, त्याच कॅन्सरने.

आज सकाळी, भांडुपच्या घरी. चाळीशीही गाठली नव्हती.

आमचं काम बाहेर कुणाला फारसं माहीत नसतं. खाल्लेलं अन्न वापरताना शरीरात असंख्य बारीक रसायनं तयार होतात. मेटाबोलाइट्स. कुठल्या कॅन्सरमध्ये त्यातलं कुठलं वाढतं, कुठलं घटतं, याचे जगभरातून रिसर्च पेपर येतात. ते वाचायचे, तपासायचे आणि डेटाबेसमध्ये भरायचे. संशोधकांना एका जागी मिळावं म्हणून.

वैदेही आमच्यातली सगळ्यात कडक. कच्चा पेपर दिसला की सरळ रिजेक्ट.

मागच्या वर्षी तिची पाठ दुखायला लागली. तिने खुर्चीला दोष दिला. ॲडमिनशी भांडून नवीन खुर्ची मिळवली. खूश होती.

मग वजन उतरलं. शुगर अचानक वाढली. स्कॅन झालं.

स्वादुपिंडाचा. लिव्हरपर्यंत पोचलेला.

मी भेटायला गेलो, तर बाई लॅपटॉप उघडून बसलेल्या. समोर डेटाबेसमधलं याच कॅन्सरचं पान.

"बघ, केवढं मोठं आहे. निम्मं तर मीच भरलंय."

"मग असेल ना गं यात काहीतरी..."

"यातून कॅन्सर झालाय की नाही ते कळेल, कदाचित. मला झालाय ते मला माहितीये रे."



केमो सुरू झाली. मध्येच तिला कळलं, एका संशोधनासाठी याच कॅन्सरच्या पेशंटचं रक्त हवंय. तिने उत्साहाने मेल टाकला. आजारपणात तेवढ्याच दिवसांत तिचा चेहरा जरा उजळलेला पाहिला.

उत्तर आलं. उपचार सुरू झालेले पेशंट चालणार नाहीत.

मी भडकलो. "माणूस स्वतःहून देतोय यार, आणि यांना नको?"

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "आता रक्तात जे दिसेल ते कॅन्सरमुळे की औषधामुळे, कसं ओळखणार? असे पेपर मीच उडवलेत."

मग भिंतीकडे तोंड करून झोपली. तशीच पडून हळूच म्हणाली,

"घ्यायला हवं होतं रे. नंतर फेकून दिलं असतं तरी चाललं असतं."

त्यानंतर तिने कामाचा विषय काढला नाही. मीही नाही.

दुपारी स्मशानातून तिच्या घरी आलो. तिचे वडील, आबा, गिरणीत आयुष्य काढलेला माणूस. रडले नव्हते. मला शेजारी बसवून लेकीबद्दल मालवणीत विचारलं.

"तुमी दोघांनी एवढी वर्सा ह्याच काम केलास मा? मगे माझ्या चेडवासाठी कायच कसा गावाक नाय?"



"नाही, आबा. तिच्यासाठी काहीच सापडलं नाही."

त्यांनी मान हलवली. जणू त्यांना माहीतच होतं, फक्त कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज येतायत. तिचं काम जिवंत राहील, उद्या कुणाचा तरी जीव वाचवेल. वाचवेलही. मला माहीत नाही. खरं सांगू? आज मला त्याचं काही पडलेलं नाही.

मला आमची वैदेही हवी होती.

दुखणं थांबलं तुझं, एवढंच. झोप आता शांत.

जड मनाने शेवटचा नमस्कार.